साडीवरची बुट्टी आणि खेळाडूची बुट्टी

अक्का,

मी खानापूरचा. दिवसा बेळगावात उद्यमबागला एका कारखान्यात ड्रॉइंगं काढतो, रात्री गेम करतो. गेम मोठ्यांसाठीची आहे, अठरा वर्षांवरच्यांसाठी. घरात फक्त बायकोला माहीत आहे. आई विचारते, मशीन रात्रभर कशाला घरघरतंय, तर ऑफिसचं काम म्हणून सांगतो.

गोष्ट अशी : चौतिसाव्या वर्षी घटस्फोट घेऊन गावी परतलेली एक बाई, वडिलांचं बंद पडलेलं घर, आणि एक जुना मित्र. संवाद माझा निपाणीचा दोस्त लिहितो. चित्रं मी डॅझ या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करतो, कोड रेनपाय या गोष्टीच्या गेमच्या इंजिनमध्ये. साडेतीन वर्षं झाली, सातवी आवृत्ती काढली. दर महिन्याला पैसे देणारे पाठीराखे ३१० होते, आता १९० राहिलेत. शेवटच्या आवृत्तीला सात महिने लागले.

इतके लागले कारण मी कुणालाच नाही म्हणत नाही. कुणाला जवळिकीचे सीन हवेत, कुणाला नकोत, म्हणून ते ऐच्छिक केले. कुणाला वाटतं तिनं त्या मित्राला फसवून दुसऱ्याकडे जावं, कुणाला त्या विचारानंच राग येतो, म्हणून तो रस्ताही ऐच्छिक. गावातल्या डॉक्टरीणबाईंशी प्रेम जुळवायचा रस्ता ऐच्छिक. स्वयंपाकाची एक छोटी गेम आत घातली, तीही ऐच्छिक. शेवटच्या आवृत्तीत ४१० चित्रं होती, त्यांतली २३० ऐच्छिक रस्त्यांवरची. बायको म्हणाली, "हे कोण बघणार?" मला उत्तर देता आलं नाही.

ऐच्छिक मजकूर किती ठेवावा याचं काही प्रमाण असतं का? आणि तो काढला तर उरलेलेही जातील ना?

— रात्रपाळीवाला, खानापूर

ता. क. : लोक मराठी आणि कन्नड भाषांतरही मागायलेत. करू काय?

*

भावा,

आधी तुझ्या बायकोला माझा नमस्कार सांग. पुण्यात बारा वर्षं मी गेमच्या धंद्यात काढली, मोठ्या पगाराच्या माणसांच्या कितीतरी मीटिंगा बघितल्या. "हे कोण बघणार?" हा प्रश्न तिथंही निघायचा, पण सगळं करून झाल्यावर. तुझ्या घरी तो निम्म्या वाटेवर निघाला, हे तुझं नशीब समज.

तुझे आकडे घेऊन मी कागदावर हिशेब मांडला. एका चित्रात माणसं उभी करायची, उजेड लावायचा, वाकडी झालेली बोटं सरळ करायची, याला एक तास धरू. रात्री तू दोन तास बसत असशील. मग २३० चित्रांना ११५ रात्री आणि उरलेल्या १८० ना ९० रात्री. बेरीज २०५, म्हणजे तुझे सात महिने जवळजवळ बरोबर निघाले. याचा अर्थ काय, तर सगळ्यांना दिसणारी गोष्ट तीन महिन्यांत तयार झाली असती. पुढचे चार महिने तू अशा चित्रांवर बसलास, जी एका माणसाला एका खेळात सगळी दिसणंच शक्य नाही. ती १२० माणसं ऐच्छिक मजकूर कमी पडला म्हणून गेली असं मला वाटत नाही. वाट बघून कंटाळली.

आणि यात मशीनचा वेळ धरलेला नाही. तुझ्या ग्राफिक्स कार्डावर एका चित्राचा रेंडर (म्हणजे मशीननं काढलेलं तयार चित्र) निघायला वीस मिनिटं लागत असतील, तर तीन सेकंदांच्या हलत्या दृश्याला, सेकंदाला तीस चौकटी धरून, नव्वद चित्रं लागतात आणि तीस तास जातात. आपल्याकडं पावसाळ्यात मधेच लाईट गेली की ते तीस तास किती होतात हे तुला मी सांगायला नको.

आता प्रमाणाचं. टक्क्यांत सांगण्यासारखं प्रमाण नसतं. पण माझे वडील वडगावात मागावर साड्या विणायचे, त्यांचा एक नियम होता तो सांगते. साडी नेसताना कमरेचा पहिला फेर आत जातो, तो कुणाला दिसत नाही. त्या भागावर ते बुट्टी घालायचे नाहीत. पदरावर दाट, अंगावर विरळ, आत जाणाऱ्या भागावर साधं कापड. "बुट्टीला सूत थोडं लागतं, वेळ फार लागतो," म्हणायचे. आणि त्या साध्या भागावरून "आम्हाला फसवलंत" म्हणून एकही बाई कधी परत आली नाही. आत जाणारं कापड तिला हवंच असतं, त्याशिवाय साडी बसत नाही. फक्त तिथं नक्षी नको असते.

तू पदर विणलास, अंग विणलंस, आणि कमरेला खोचायच्या भागावर जरीची बुट्टी घालत बसलास. आणि खेळणारा नेमकी तिथंच बुट्टी मारून पुढं जातो. (शब्द एकच निघाला, त्याला मी काय करू.)

तुझी चूक आळसाची नाही, उलट आहे. 'ऐच्छिक' या एका शब्दाखाली तू चार वेगळ्या गोष्टी घातल्यास आणि चौघींना सारखीच जरीची बुट्टी घातलीस. म्हणून मी एकेक वेगळी काढते.

स्वयंपाकाची गेम पहिल्यांदा, कारण तिच्यावर फार बोलण्यासारखं नाही. तिला 'पुढं चला' असं बटण दे आणि पुन्हा हात लावू नकोस. गोष्ट वाचायला आलेल्या माणसाला तिसऱ्यांदा फोडणी द्यायला लावलं तर तो वैतागतो.

फसवणुकीच्या रस्त्याचं मात्र नीट ऐक, कारण तुझ्या रात्री तिथंच गेल्यात असा माझा अंदाज आहे. नको असण्याचे दोन प्रकार असतात. ताटात कारल्याची भाजी वाढली आणि ती नको असेल तर माणूस बाजूला सारतो आणि जेवतो. पण कट्टर शाकाहारी माणसाच्या ताटाशेजारी मटणाचा रस्सा ठेवलास तर तो ताटावरून उठतो. "तुम्ही खाऊ नका, ऐच्छिक आहे" हे त्याला सांगून उपयोग नसतो. स्वयंपाकघर एकच आहे काय, डाव एकच आहे काय, हे तो विचारणारच.

मोठ्यांच्या गेममध्ये हा विषय असाच आहे. ज्यांना तो नको असतो त्यांना तो गेममध्ये कुठंतरी आहे एवढं कळलं तरी पुढचा सगळा खेळ ते संशयानं खेळतात. तिनं शेजाऱ्याला चहा विचारावा का, या साध्या पर्यायावरही त्यांचं बोट अडतं : हे दाबलं तर ती तिकडं वळणार नाही ना? म्हणजे तुझ्या चांगल्या, निरागस प्रसंगांनाही त्याचा वास लागतो. तो वास घालवायला तू सुरुवातीलाच एक बटण ठेवतोस, प्रत्येक वळणावर पाटी लावतोस, आणि त्या पाट्यांमुळं ज्यांना तो रस्ता हवा होता त्यांची मजा जाते. फसवणुकीच्या गोष्टीत पुढं काय होईल ही धाकधूकच तर सगळी गंमत, ती तू पाटी लावून मारलीस. शिवाय मुख्य गोष्टीला धक्का लागू नये म्हणून त्या रस्त्याचा परिणाम तू कुठंच होऊ देत नाहीस. तिनं फसवलं, आणि दुसऱ्या दिवशी मित्र तसाच हसत दारात. दोन्ही बाजूंना अर्धंच मिळालं.

माझं मत स्पष्ट आहे : हा रस्ता तुझ्या गोष्टीचा नाही. ज्याला फसवणुकीवर गेम करायची आहे त्यानं ती तीच गोष्ट म्हणून करावी, पहिल्या पानावर सांगून. तुझी गोष्ट बंद घर उघडण्याची आहे. पण साडेतीन वर्षं लोकांना त्या वाटेवर चालवलंयस, तर ती मधेच खणून ठेवू नकोस. पुढच्या आवृत्तीत पंधरा-वीस चित्रांत तिला खरा शेवट दे. ती गाव सोडून जाते, घर विकलं जातं, मित्राला कळतं, संपलं. तो एक पूर्ण शेवट म्हणून गेममध्ये राहील. आणि आवृत्ती काढायच्या आधी पाठीराख्यांना सांग, की हा रस्ता इथं संपतो, का संपतो. काही जातील. जातील म्हणजे जातीलच, मी खोटा धीर देणार नाही. पण आत्ता जे जातायत ते न सांगता जातायत, आणि का ते तुला माहीतही नाही.

एक माझी फजिती सांगते. पुण्यात आम्ही मोबाइलवरची एक गोष्ट-गेम करत होतो. मीच हट्ट धरला, की पावसाळी सहलीचा एक बाजूचा रस्ता हवा. दोन चित्रकार चार महिने त्यावर बसवले. त्या रस्त्यावर नायकाचा कुत्रा दरीत पडून मरतो, वाचणारा रडेल असा सीन, मला फार अभिमान. गेम बाहेर आली. त्या रस्त्यानं गेलेली माणसं कमी होती ते सोड, पण जी गेली त्यांच्या पुढच्या प्रकरणात तोच कुत्रा अंगणात भुंकत होता. तो सीन दुसऱ्यानं लिहिलेला, मुख्य रस्त्यासाठी. मेलेला आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. लोकांनी आम्हाला कुत्र्याचे फोटो पाठवले, हार घातलेले.

चित्र एकदा काढलं की सुटलो, असं ऐच्छिक गोष्टीचं नसतं. पुढच्या प्रत्येक सीनला ती आठवावी लागते. तुझ्याकडं आत्ता हो-नाहीच्या किती गाठी आहेत मोज. जवळीक दिसते की नाही, फसवलं की नाही, डॉक्टरीणबाई की मित्र, आणि समज, बहिणीला खरं सांगितलं की नाही, घर विकलं की ठेवलं. पाच झाल्या. पाच गाठींच्या बत्तीस जुळण्या होतात, सहावी घातली की चौसष्ट. एक आवृत्ती खेळून बघायला चाळीस मिनिटं धरली तर बत्तीस वेळा खेळायला एकवीस तासांच्या वर जातात. तू ते करत नाहीस हे मला माहीत आहे. कुणीच करत नाही. म्हणूनच कुत्री भुंकतात.

यावर उपाय म्हणजे बाजूचा रस्ता गल्लीसारखा ठेवायचा, हमरस्त्यासारखा नाही. आत जायचं, बघायचं, त्याच तोंडानं बाहेर यायचं. रेनपायमध्ये हे अगदी शब्दशः करता येतं : ऐच्छिक सीनला जंप (एकतर्फी उडी) न करता कॉल कर, शेवटी रिटर्न. खेळ जिथून आत गेला तिथंच परत येतो. तुझ्या कोडमध्ये जंपांचं जाळं असणार, पैज लावते. दुसरं, सगळ्या हो-नाहीच्या खुणा (व्हेरिएबल) डिफॉल्ट या आज्ञेनं जाहीर कर, सुरुवातीच्या लेबलात डॉलरचं चिन्ह टाकून नाही. डिफॉल्टनं केलेली खूण जुनी सेव्ह (खेळणाऱ्यानं साठवलेला खेळ) उघडली तरी आपोआप भरली जाते. दुसऱ्या पद्धतीत सातव्या आवृत्तीत नवी खूण घातली असेल, तर सहावीची सेव्ह उघडून तिथं पोचलं की गेम कोसळते आणि शिव्या तुला. आणि लिंट, म्हणजे रेनपायची चुका शोधणारी तपासणी, दर आठवड्याला चालवत जा. तुटलेले धागे दाखवतं, आणि एकूण किती शब्द झाले तेही सांगतं. तो आकडा निपाणीच्या दोस्ताला दाखव, तो घाबरेल.

पण मग गल्लीतून आलेल्याला वाटायला नको का, की मी गेलो होतो? वाटायला हवं. त्याला पूर्ण नवा सीन लागत नाही, एक वाक्य लागतं. बहिणीला खरं सांगितलं असेल तर तीन प्रकरणांनंतर बहीण चहाचा कप ठेवताना म्हणते, "तू त्या दिवशी सांगितलंस ते बरं केलंस." बस्स. चित्र तेच, कप तोच, वाक्य एक. वीस चित्रांच्या वेगळ्या प्रसंगापेक्षा असं वाक्य लोकांच्या लक्षात राहतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता तो जवळिकीचा विषय. नीतीचे धडे द्यायला मी बसलेली नाही. मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांसाठी काय करावं हा त्यांचा प्रश्न. पण दोन गोष्टी तुला कुणीतरी स्पष्ट सांगायला हव्यात.

पहिली कायद्याची. तू खानापुरात बसून बाहेरच्या देशांतल्या लोकांना विकतोस, म्हणून इथला कायदा तुला लागत नाही असं समजू नकोस. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ६७ अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक रूपात प्रसिद्ध करण्याबद्दल आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. कलम ६७-अ उघड लैंगिक कृतीच्या मजकुराबद्दल; तिथं पाच वर्षांपर्यंत आणि दहा लाखांपर्यंत. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्यातही अश्लील साहित्यावर कलम आहे. यांतलं एकही कलम "पण तो सीन ऐच्छिक होता" असं विचारत नाही. बेळगावात वकिलांचा तुटवडा नाही. एकाला फी देऊन, गेम दाखवून, लेखी मत घे. माझ्या सदरावर विसंबू नकोस. आणि पात्रं सगळी निःसंशय प्रौढ हवीत : दिसायला, वयानं, बोलण्यानं. तुझी नायिका चौतीस वर्षांची आहे हे मला आवडलं, बाकीच्यांचंही तसंच ठेव.

दुसरी दुकानाची. २०१८ च्या सप्टेंबरात स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानानं मोठ्यांच्या गेमना दार उघडलं, हे खरं. पण २०२५ च्या जुलैत पैसे पोचवणाऱ्या आणि कार्डाच्या कंपन्यांचा दबाव आल्यावर स्टीमनं आपल्या नियमांत भर घातली आणि काही गेम काढून टाकल्या. त्याच महिन्यात इच डॉट आयओ या दुसऱ्या दुकानानं मोठ्यांच्या गेम आपल्या शोधातून एका झटक्यात गायब केल्या. स्टीमवर गेम देताना आत काय काय आहे याची प्रश्नावली भरावी लागते. त्या प्रश्नावलीत 'आहे, पण फक्त डावीकडं वळलं तर' असा रकाना नसतो. म्हणजे अगदी मूठभर लोक बघणार असा एखादा सीन तुझ्या सगळ्या गेमचं भवितव्य ठरवू शकतो. खेळणाऱ्याला ऐच्छिक असेल, दुकानाला नाही. फसवणुकीचा रस्ता असो, जवळीक असो, प्रत्येक ऐच्छिक सीनपुढं हा धोकाही लिही. मेहनतीच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना.

आता लिखाणाचं. जवळिकीचे सीन बंद ठेवून खेळणाऱ्याला तू आत्ता काय देतोस? दार लागतं, पडदा काळा, सकाळ. म्हणजे त्याच्या गोष्टीत भोक. आणि बहुतेक वेळा सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, 'मी इथं राहणार आहे' किंवा 'मला भीती वाटते', तू नेमकं त्या भोकात टाकलेलं असतंस. ते वाक्य बाहेर काढ. दार लागायच्या आधी किंवा सकाळच्या चहाला. गोष्टीला लागणारं काहीही बंद दारामागं ठेवायचं नाही. मग दार उघडं ठेवणाऱ्याला जास्त मिळेल, पण बंद ठेवणाऱ्याला कमी मिळणार नाही.

आणि मी तर म्हणते, पैसा आणि रात्री त्या सकाळवर घाल. दोन प्रौढ माणसं, दोघांच्या मागं मोडलेलं काहीतरी, पहिल्यांदा एका ओट्याशी उभी. कोण साखर किती घेतं हे विचारतंय. ही चित्रं झाडून सगळे बघणार आहेत. पदर तो आहे. दाराआडचं लांबवत बसलास, कारण ते 'मोठ्यांची गेम' या पाटीखाली बसतं. मोठं होणं म्हणजे तेवढंच नसतं, हे तुझ्या नायिकेला विचार.

वकिलाचं मत वाचल्यावर बंद दाराचीच गेम मुख्य ठेवायची असं तू ठरवलंस तरी मला नवल वाटणार नाही. तेव्हा ही सकाळ तुझ्या कामाला येईल.

डॉक्टरीणबाई राहिल्या. तुला वाटलं असेल अक्का त्यांनाही कापणार. नाही. आपल्या लग्नांत कुंदा पंगतीला सगळ्यांना वाढतात, पण मांडे? एक मांडा लाटायचा, हातांवर मोठा करायचा, उलट्या खापरावर टाकायचा, घडी घालायची, दहा जणी त्यात गुंतून जातात. किती जण अख्खा खातात? थोडेच. तरी मांड्यांशिवाय काही घरांत लग्न झालं असं वाटत नाही. गेममध्येही असा एखादा मांडा असावा, थोड्यांच्या ताटात जाणारा पण जीव ओतून केलेला. पर्याय खरेच आहेत, नुसते रंगवलेले नाहीत, ही खात्री त्याच्यानं पटते.

तुझ्या चौघींत तो मान डॉक्टरीणबाईंना मिळायला हवा. तो रस्ता नको असलेल्याला त्याचा त्रास नाही, तो ताटावरून उठत नाही, नुसता दुसरीकडं जातो. ज्यांना हवा त्यांना अशी गोष्ट दुसरीकडं सहज मिळत नाही. आणि मुख्य म्हणजे त्या रस्त्यावर नायिका कुणाला तरी नव्यानं दिसते. मित्राला ती जुनीच माहीत आहे. गोष्टीत भर पडते. फक्त एकच मांडा. एका आवृत्तीत चार लाटायला बसू नकोस.

बाकी सगळं ऐच्छिक स्वस्त सामानात कर. तिच्या फोनवर येणारे मेसेज : बहिणीचे, घरमालकाचे, जुन्या नवऱ्याचे. फोनचा एक पडदा एकदा बनव, मग पुढं नुसती अक्षरं. ज्याला वाचायचं तो वाचेल, ज्याला नाही तो फोन खिशात ठेवेल. वडिलांच्या कपाटात सापडलेली पत्रं, पाणीपट्टीच्या पावत्या, हेही तसंच. निपाणीच्या दोस्ताला लिहू दे की मनसोक्त, शब्दाला रेंडर लागत नाही. थोड्यांनी बघायचं ते अक्षरांत, सगळ्यांनी बघायचं ते चित्रांत. मी तुझ्या जागी असते तर हे वाक्य मशीनवर चिकटवलं असतं. (आई विचारेल काय लिहिलंय ते. सांग, ऑफिसचं.)

पाठीराख्यांच्या मतदानाबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण घेत असणार. "हे हवं का?" असं विचारलं की लोक हो म्हणतात, फुकटच्या गोष्टीला नाही कोण म्हणेल. "पुढच्या आवृत्तीत हे घातलं तर ती दीड महिना उशिरा येईल, चालेल का?" असं विचार. उत्तरं बदलतात. आणि मोठ्यानं मागणारे दहा जण म्हणजे १९० नव्हेत. गप्प राहून दर महिन्याला पैसे देणाऱ्याला काय आवडतं हे कळायला त्याला विचारूनही फायदा नाही, तो गप्पच राहील. पण गेम स्टीमवर गेली की अचीव्हमेंटचे, म्हणजे टप्पा गाठल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यांचे, टक्के सगळ्यांना उघड दिसतात. तोवर दुसऱ्यांच्या गेमचे बघ, फुकट आहेत. पहिल्या प्रकरणाचा बिल्लासुद्धा शंभर टक्क्यांना पोचलेला दिसत नाही. शेवटच्या प्रकरणाचा आणि एखाद्या बाजूच्या शेवटाचा आकडा शेजारी शेजारी ठेव आणि मग बायकोच्या प्रश्नाचं उत्तर लिही.

ता. क. ला ता. क. : भाषांतर आत्ता नको. रेनपायमध्ये भाषांतराची प्रत्येक ओळ मूळ ओळीला बांधलेली असते. मूळ वाक्यात एक शब्द बदललास की ती गाठ सुटते आणि भाषांतर करणाऱ्याला पुन्हा बसावं लागतं. तुझा दोस्त दर आवृत्तीला जुनी वाक्यं घासत असणार. गेम पूर्ण झाली, वाक्यं थिजली, की मराठी कर, आणि तेव्हा पुस्तकी करू नकोस. खानापूरची बाई 'मी येत आहे' म्हणत नाही. कन्नड करशील तर कन्नड घरात बोलणाऱ्याकडूनच करून घे. आपल्या बाजारातल्या कन्नडवर प्रेमाचे संवाद होत नाहीत, मी एकदा प्रयत्न केलाय, भाजीचे भाव ठरवल्यासारखे वाटले.

पुढची आवृत्ती काढलीस की त्या ११५ रात्रींच्या किती झाल्या तेवढा आकडा एका ओळीत कळव. गेम पाठवू नकोस. आमच्या घरी सासूबाई कॉम्प्युटर उघडतात.

— अक्का